सुनेच्या फिर्यादीत सगळ्या घरादाराची नावं : नातेवाइकांच्या अटकपूर्व जामिनाची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

"वकीलसाहेब, आम्ही सगळे एकच आहोत, आमचा एकच अर्ज करा." सुनेने फिर्याद दिल्यावर सोलापुरातलं कुटुंब वकिलाकडे येतं, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. सासू, सासरे, दीर, जाऊ, लग्न होऊन कलबुर्गीला गेलेली नणंद, पुण्यात नोकरीला असलेला धाकटा दीर, लग्न जमवणारे मामा. सगळ्यांची नावं एका फिर्यादीत आली, म्हणून सगळ्यांची बाजूही एकाच अर्जात आणि एकाच परिच्छेदात घालायची. "अर्जदार निर्दोष असून त्यांना खोटेपणाने गुंतवले आहे." इथेच अटकपूर्व जामिनाचा, म्हणजे अटक होण्याआधीच मागायच्या जामिनाचा, अर्ज पातळ होतो. कुटुंब चांगलं की वाईट, हे न्यायाधीश त्या दिवशी ठरवत नसतात. या एका माणसाने नेमकं काय केल्याचा आरोप आहे आणि त्याच्या तपासासाठी त्याला ताब्यात घ्यावं लागेल का, एवढंच ते पाहतात. सात जण असतील तर हा प्रश्न सात वेळा विचारला जातो, आणि सातही वेळा उत्तर वेगळं द्यावं लागतं.

हा लेख पती सोडून इतर नातेवाइकांसाठी आहे. हुंडाबळी, गंभीर जखम किंवा लैंगिक अत्याचाराचा आरोप असेल तर तयारी फार वेगळी लागते, ती इथे नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. फिर्याद खोटीच आहे असं मी धरून चाललेलो नाही. मार खाऊन, उपाशी राहून माहेरी आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी हा कायदा हवाच. पण तिला त्रास देणारा एक असतो आणि नावं सातांची येतात, असंही घडतं. त्या उरलेल्यांना आपली बाजू नीट मांडता यावी, म्हणून हे लिहितो आहे.

## टप्पा १ : हातात आलेला कागद कोणता आहे ते ओळखा

पोलिसांचा किंवा न्यायालयाचा कुठलाही कागद आला की लोक अटकपूर्व जामिनासाठी पळतात. तो दर वेळी लागत नाही.

महिला तक्रार निवारण कक्ष किंवा भरोसा सेलचं बोलावणं आलं असेल, तर तो अजून गुन्हा नाही. तिथे दोन्ही बाजूंना बसवून समुपदेशन होतं. जा, शांतपणे ऐका, आणि वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. मात्र त्या तक्रार अर्जात कोणाकोणाची नावं आहेत ते नक्की पाहून या. समेट झाला नाही तर पुढे बहुधा त्याच नावांवर गुन्हा दाखल होतो.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या अर्जाची नोटीस असेल, किंवा पोटगीच्या अर्जाची (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४), तर त्या नोटिशीने अटक होत नाही. तारखेला हजर राहून लेखी म्हणणं द्यायचं असतं. अशा नोटिशीवर अटकपूर्व जामीन मागायला गेलेली माणसं पैसे घालवून, अर्ज निकाली काढून घेऊन परत येतात. त्या नादात मूळ प्रकरणाची तारीख मात्र चुकलेली असते.

पोलीस ठाण्याकडून त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस आली असेल, तर गुन्हा दाखल आहे आणि पोलीस तुम्हाला चौकशीला बोलावत आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४१ए ची नोटीस ती हीच. विवाहितेच्या छळाच्या गुन्ह्याला कमाल शिक्षा तीन वर्षं आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, गरज असेल तर कारणं लिहून करायची, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेशकुमार प्रकरणात २०१४ मध्ये सांगितलं, आणि तोही छळाचाच गुन्हा होता. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला, कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही.

मग नोटीस आल्यावर अर्ज करायचा की नाही? माझं मत असं : नोटीस आली, तपास अधिकारी सरळ वागत आहे आणि कलम फक्त छळाचं आहे, तर आधी वकिलाला विचारून हजर राहा, जबाब द्या आणि हजर राहिल्याची पोच घ्या. पण सोबत न्यासभंगाचं, म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू बळकावल्याचं, कलम असेल, दागिन्यांचा मोठा आकडा असेल, किंवा घरातल्या एकाला आधीच उचललं असेल, तर वाट पाहत न बसता अर्ज करा.

इशारा. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं ही कायदेशीर बजावणी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही मोबाइलवर नोटीस दिसली तर "ही चालत नाही" म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी वकिलामार्फत लेखी कळवा की नोटीस रीतसर द्या, आम्ही हजर राहतो. सहकार्य केल्याचा तोच तुमचा पहिला कागद.

दुसरा इशारा. "साठीच्या पुढच्यांना अटक होत नाही," असं सासू-सासऱ्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. कायद्यात साठ वर्षांवरच्या किंवा आजारी माणसाला अटक करण्याआधी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते खरी. पण ती तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत. छळाच्या गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. या एका गैरसमजावर विसंबून म्हातारी माणसं अर्जातून मागे ठेवली जातात.

## टप्पा २ : फिर्यादीची प्रत मिळवा आणि रंगीत पेन घेऊन वाचा

गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष आणि पोलीस ठाणं एवढं कळलं की महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित गुन्हे' या ठिकाणी प्रत शोधा. संवेदनशील गुन्ह्यांच्या प्रती तिथे टाकत नाहीत. तशी न सापडल्यास आरोपीचा प्रतिनिधी किंवा वकील लेखी अर्ज करून मागू शकतो. फिर्याद न वाचता, "मजकूर माहीत नाही" असं लिहून दाखल केलेला अर्ज फक्त अगदी निकडीलाच.

प्रत हातात आली की प्रत्येक नातेवाइकासाठी एक रंग ठरवा. सासूबद्दलची वाक्यं हिरवी, दिराबद्दलची निळी, नणंदेची लाल. "सासरच्या लोकांनी", "वरील सर्वांनी" अशी गोळाबेरीज वाक्यं पेन्सिलीने. अर्धा तास लागतो. पण फिर्यादीची तीन पानं वाचून घाबरलेल्या घरातल्यांना तेव्हाच दिसतं की धाकट्या दिराबद्दल निळं एकच वाक्य आहे आणि त्यात तारीख नाही, किंवा जावेबद्दल पेन्सिलीशिवाय काहीच नाही. उलटही दिसतं. सासूबद्दल चार ठळक प्रसंग, तारखांसह. तेही डोळ्यांआड करू नका.

या पेन्सिलीच्या वाक्यांना न्यायालयात वजन कमी आहे. कहकशां कौसर विरुद्ध बिहार राज्य (२०२२) आणि दारा लक्ष्मी नारायण विरुद्ध तेलंगणा राज्य (डिसेंबर २०२४) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नातेवाइकांवर नुसते मोघम, सर्वसाधारण आरोप असतील तर त्यांना खटल्यात ओढू नये. हे दोन्ही निकाल गुन्हा रद्द करण्याच्या मागणीवरचे आहेत, जामिनाचे नाहीत. वकील ते जामिनातही वापरतात आणि उपयोगही होतो. पण तुमच्याबद्दलचा आरोप खरोखर मोघम असेल तरच. तारीखवार आरोप असलेल्या सासूसाठी हेच निकाल पुढे केले तर बाकीच्या युक्तिवादावरचाही विश्वास कमी होतो.

तपासा. फिर्यादीत नाव नाही, फक्त "व इतर" असं आहे? अशा माणसाने भीतीपोटी अर्ज केला तर तपास अधिकाऱ्याला त्याचं नाव आयतं कळतं. त्याच्याबद्दल काही ठोस कळलं असेल तरच अर्ज करा.

## टप्पा ३ : कलमांचा घोळ आधी सोडवा

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले आणि सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. छळाचं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ४९८ए. भारतीय न्याय संहितेत ते ८५ झालं आणि क्रूरतेची व्याख्या ८६ मध्ये गेली. न्यासभंगाचं ४०६ आता ३१६(२), मारहाणीचं ३२३ आता ११५(२), शिवीगाळीचं ५०४ आता ३५२, धमकीचं ५०६ आता ३५१, आणि समान इराद्याचं ३४ आता ३(५). सोबत हुंडा प्रतिबंधक कायद्याची ३ आणि ४ ही कलमं असू शकतात. तीही वकिलाला दाखवा. हुंडा देण्याघेण्याच्या कलम ३ ला किमान पाच वर्षांची शिक्षा आहे, त्यामुळे "फक्त तीन वर्षांचा गुन्हा" हा युक्तिवाद मग तसाच्या तसा टिकत नाही.

घटना जुलै २०२४ च्या आधीच्या असतील तर गुन्हा जुन्या कलमांनी नोंदलेला दिसेल. पण अर्ज आज करत असाल तर तो नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखालीच. त्या संहितेत अटकपूर्व जामिनाचं कलम ४८२ आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ हे गुन्हा रद्द करण्याचं कलम होतं आणि अटकपूर्व जामिनाचं ४३८. आता गुन्हा रद्द करण्याचं कलम ५२८. कोणी "४८२ टाकू" म्हणालं तर जामीन की रद्दबातल, ते स्पष्ट विचारून घ्या. घरातल्यांना वाटतं जामिनाचा अर्ज दाखल झाला, आणि वकील मात्र उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याच्या तयारीत असतो.

## टप्पा ४ : माणसागणिक फाइल

आता सगळ्यांत कष्टाचा भाग. प्रत्येक नातेवाइकासाठी वेगळी प्लास्टिकची फाइल घ्या आणि वर एका कागदावर तीन रकाने आखा : फिर्यादीत काय म्हटलंय, त्या काळात मी कुठे होतो, त्याचा कागद कोणता. तिसरा रकाना रिकामा राहिला तर दुसऱ्या रकान्यातलं वाक्य अर्जात जपून वापरायचं.

"आमची चूल वेगळी आहे," हे सांगून भागत नाही, ती चूल कागदावर दिसायला हवी. वेगळी शिधापत्रिका, वेगळं वीजबिल, गॅसचं वेगळं कार्ड, भाडेकरार, मुलांच्या शाळेतला पत्ता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार जावेकडे कामगार ओळखपत्र असतं आणि त्यावर पत्ता असतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या दिराचा हजेरीपट कारखान्यातून मिळतो, पण मालकाच्या सही-शिक्क्यासह आणि त्याच महिन्यांचा घ्या. "आमच्याकडे कामाला आहे" एवढंच म्हणणारा दाखला फारसा कामाचा नसतो. पुण्यात नोकरी करणाऱ्याने कंपनीचं पत्र, पगारपत्रकं आणि हुतात्मा एक्सप्रेसची आरक्षणं जोडली, की तो सोलापुरात कधी होता आणि कधी नव्हता याचा क्रम उभा राहतो.

एक उदाहरण, तपशील बदलून. फिर्यादीत होतं की गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नणंदेने घरी येऊन हुंड्यावरून बोलणी केली. नणंद कलबुर्गीची. तिचं म्हणणं, "मी गेलेच नव्हते." एवढ्यावर काही होत नव्हतं. खोदून विचारल्यावर कळलं की त्याच आठवड्यात ती बाळंत झाली होती. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड माळ्यावरच्या पेटीत होतं. माणसांना आपलाच कागद आठवत नाही, म्हणून महिना धरून विचारायचं : संक्रांतीला कुठे होतात, आषाढीला कुठे होतात, त्या दिवाळीत कोण आलं होतं.

सासू-सासऱ्यांची गोष्ट अवघड असते, कारण ते बहुतेक एकाच घरात राहतात. "आम्ही तिथे नव्हतो" हे त्यांना म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. त्यांच्या फाइलमध्ये वयाचा पुरावा, सिव्हिल हॉस्पिटलचे किंवा खासगी डॉक्टरांचे केसपेपर, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, वर्षानुवर्षं एकाच पत्त्यावर राहिल्याचे कागद आणि आधी एकही गुन्हा नसल्याचं प्रतिज्ञापत्रातलं विधान. पळून जाण्याची शक्यता नाही, पुरावा नष्ट करण्यासारखं काही हातात नाही, चौकशीला कधीही हजर राहू, हा त्यांचा मुद्दा.

मोबाइलवरचे संदेश जोडायचे असतील तर संभाषण सलग द्या, सोयीचं एकच वाक्य कापून नको. मूळ फोन जपून ठेवा, फॉरमॅट करू नका. पुढे खटल्यात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल आणि ते मूळ उपकरणावरच उभं राहतं.

इशारा. गुन्हा दाखल झाल्यानंतर घाईने काढलेली वेगळी शिधापत्रिका किंवा मागची तारीख टाकून केलेला भाडेकरार लावू नका. मुद्रांक कधी विकला गेला ते कागदावरच असतं. एका खोट्या कागदाने सगळ्या घराचा अर्ज बुडतो, आणि खोटा दस्तऐवज हा वेगळा गुन्हा आहेच.

तपासा. फाइल वाचून परक्या माणसाला हा नातेवाईक दुसऱ्या नातेवाइकापासून वेगळा ओळखू येतो का? दोन फाइलींवरची नावं बदलली तरी फरक पडत नसेल, तर काम अपुरं आहे.

## टप्पा ५ : दागिने आणि भांडी

नातेवाइकांच्या अर्जाला सरकार पक्षाचा ठरलेला विरोध एकच : स्त्रीधन जप्त करायचं आहे. म्हणून अर्जाआधीच यादी करा. लग्नात तिला दोन्हीकडून मिळालेले दागिने, भांडी, कपाट, तिची शैक्षणिक कागदपत्रं. काय घरात आहे, काय तिने नेलं, काय बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि लॉकर कोणाच्या नावावर आहे. फोटो काढा. काहीही विकू नका, गहाण टाकू नका, बहिणीच्या घरी हलवू नका.

घरात जे आहे ते तिचं असेल तर परत करायची तयारी अर्जातच लिहा : तपास अधिकाऱ्यासमोर पंचनामा करून, वादग्रस्त मुद्द्यांवरचे हक्क राखून. ते तिचं आहे, जामीन मिळो वा न मिळो. तिचं मंगळसूत्र आणि दहावीचं प्रमाणपत्र अडवून ठेवून न्यायालयात "आम्ही सहकार्य करतो" म्हणणाऱ्या कुटुंबाची बाजू मांडणं मला जमत नाही. दागिन्यांचा ताबा नसलेल्या दिराने किंवा नणंदेने मात्र वेगळं, ठळक लिहावं की स्त्रीधन माझ्याकडे कधीच दिलेलं नव्हतं.

पैसे भरा तर जामीन, असा दबाव आला तर एवढं माहीत असू द्या : अटकपूर्व जामिनासाठी पोटगी भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मुनीश भसीन प्रकरणात (२००९) काढून टाकली होती. अर्जदाराने स्वतःहून "इतके लाख भरतो" असं बोलण्याआधी वकिलाशी बोला. एकदा न्यायालयात दिलेला शब्द मागे घेणं फार कठीण.

## टप्पा ६ : कोणतं न्यायालय

गुन्हा सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या ठाण्यात असेल तर अर्ज सोलापूरच्या जिल्हा व सत्र न्यायालयात. ग्रामीण ठाण्याचा असेल तर त्या ठाण्याची प्रकरणं सोलापूरला येतात की बार्शी, पंढरपूरसारख्या ठिकाणच्या अतिरिक्त सत्र न्यायालयात, ते आधी विचारा. चुकीच्या ठिकाणी दाखल केलं की दोन-तीन दिवस जातात, आणि तेच दिवस महत्त्वाचे असतात.

कायद्याने थेट उच्च न्यायालयातही जाता येतं, पण आधी सत्र न्यायालय हाच रिवाज आणि तोच शहाणपणा. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची उच्च न्यायालयातली प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. सवयीने मुंबईचं तिकीट काढणारे अजून भेटतात.

सून माहेरी कर्नाटकात असेल तर ती तिथेही फिर्याद देऊ शकते. सासरहून बाहेर पडून जिथे आसरा घेतला तिथे गुन्हा नोंदवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं आहे. कलबुर्गी आणि विजयपूर आपल्याकडून सव्वाशे किलोमीटरच्या आत, आणि नातीगोती तर पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यामुळे आपल्याकडे हे वारंवार होतं. अशा वेळी सोलापूरच्या सत्र न्यायालयात मर्यादित काळाचं संरक्षण मागता येतं. प्रिया इंदोरिया प्रकरणात (नोव्हेंबर २०२३) सर्वोच्च न्यायालयाने ही वाट स्पष्ट केली, आणि तेही वैवाहिक वादातच. पण हे संरक्षण फक्त तिकडच्या न्यायालयात पोहोचण्यापुरतं आहे. तिकडच्या तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलाला नोटीस द्यावी लागते, आणि इथेच का आलात ते कारण द्यावं लागतं. कन्नड फिर्यादीचं भाषांतर सोबत जोडा. संरक्षण मिळालं की त्याच आठवड्यात तिकडे वकील ठरवा. मुदत संपायला दोन दिवस उरल्यावर धावपळ करणारे पकडले जातात.

## टप्पा ७ : अर्ज कसा बांधायचा

सासू-सासरे एकत्र, वेगळं राहणारा दीर-जाऊ एकत्र, लग्न झालेली नणंद स्वतंत्र, अशी गटांनी विभागणी मी पसंत करतो. पतीचा अर्ज नेहमी वेगळा. त्याच्यावरचे आरोप जड असतात, आणि एकाच अर्जात असलेल्या बाकीच्यांवर त्या जडपणाची सावली पडते. खर्च थोडा वाढतो, हे खरं आहे. खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे आरोपी असलेल्या सासू, नणंद आणि जावेलाही. हे फार थोड्यांना माहीत असतं. मदत क्रमांक १५१००.

अर्जात या गोष्टी असायलाच हव्यात : गुन्ह्याचा नंबर आणि कलमं, प्रत्येक अर्जदाराचं नातं, वय, व्यवसाय आणि पत्ता, त्याच्यावरचा आरोप त्याच शब्दांत, त्याला फाइलमधलं उत्तर, कोठडीतल्या चौकशीची गरज का नाही, स्त्रीधनाबद्दलची भूमिका, आधीचे गुन्हे असतील तर ते, आणि याच गुन्ह्यात दुसरीकडे अर्ज केला आहे का. शेवटच्या दोन गोष्टी लपवू नका. दहा वर्षांपूर्वीची शेतीच्या बांधावरची मारामारी असली तरी लिहा. तुम्ही लपवलेलं पोलीस सांगतात तेव्हा फार वाईट दिसतं.

सुनेच्या चारित्र्यावर एक अक्षरही लिहू नका. घरातल्यांचा त्यासाठी आग्रह असतो. जामिनाच्या प्रश्नाशी त्याचा काही संबंध नसतो, आणि ती कायद्याने तुमची सून आहे. शिवाय क्रूरतेचा आरोप असलेल्या कुटुंबाने क्रूर भाषा वापरली की आरोपालाच आधार मिळतो.

निकालांबद्दल एक सूचना. आपल्याच जिल्ह्यातून गेलेला सिद्धराम म्हेत्रे प्रकरणातला अटकपूर्व जामिनावरचा निकाल जुन्या मसुद्यांत हमखास असतो. त्याचा काही भाग सुशीला अगरवाल प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी २०२० मध्ये बदलला. गुन्हा नोंद होण्याआधीही ठोस कारण दाखवून अर्ज करता येतो, आणि जामीन एरवी मुदतीचा नसून खटला संपेपर्यंत चालतो, हे आज त्या निकालावर उभं आहे. तो सोबत हवाच.

## टप्पा ८ : अंतरिम संरक्षण, 'से' आणि सुनावणी

सगळ्यांत महत्त्वाचा इशारा. अर्ज दाखल झाला म्हणून अटक थांबत नाही. "अर्ज टाकलाय, आता काही होत नाही," म्हणून घरी निवांत झोपलेली माणसं सकाळी ठाण्यात बसलेली असतात. पहिल्याच दिवशी वकिलाने अंतरिम संरक्षण, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत अटक करू नये असा आदेश, मागायला हवं आणि त्याचा लेखी आदेश व्हायला हवा. शक्यतो आठवड्याच्या सुरुवातीला दाखल करा. शुक्रवारी दुपारी दाखल केलेल्या अर्जाला दोन दिवसांची सुट्टी आडवी येते.

अंतरिम आदेश झाला की न्यायालय पोलिसांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवून तारीख देतं. आदेशाची प्रत त्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला पोचवा आणि पोच घ्या. घरातल्या प्रत्येकाच्या खिशात एक झेरॉक्स असू द्या. अंतरिम आदेशात चौकशीला हजर राहण्याच्या तारखा असतील तर एकही चुकवू नका. पुढच्या सुनावणीत 'से'मध्ये "अर्जदार सहकार्य करत नाही" असं एक वाक्य आलं आणि तुमच्याकडे हजेरीचा कागद नसला, तर वकिलाचे हात बांधले जातात. ठाण्यात नोंद करत नसतील तर परत आल्याबरोबर वकिलामार्फत ईमेलने कळवा की आज अमुक वेळेत हजर होतो.

'से' हातात आला की तो पुन्हा त्याच रंगीत पेनांनी वाचा. सरकारी वकिलांचे मुद्दे बहुधा चारच : तपास प्राथमिक टप्प्यावर आहे, दागिने जप्त करायचे आहेत, साक्षीदारांवर दबाव येईल, आरोपी पळून जातील. प्रत्येकाला तुमच्या फाइलमधून उत्तर आहे की नाही ते आदल्या रात्री पाहा. फिर्यादी स्वतःच्या वकिलासह विरोधाला उभी राहू शकते. कोर्टाच्या व्हरांड्यात तिच्याशी किंवा तिच्या भावांशी बोलायला जाऊ नका, अगदी समजुतीचं बोलायलाही. मध्यस्थ म्हणून मामांना पाठवणं, स्टेटसला टोमणे टाकणं, समाजाच्या बैठकीत दबाव आणणं, या सगळ्याची नोंद 'से'मध्ये होते, आणि मिळालेलं संरक्षण त्यावरून जाऊ शकतं.

## टप्पा ९ : आदेश झाल्यानंतर

आदेश शब्दन्‌शब्द वाचा. किती रकमेचा जातमुचलका (स्वतः लिहून द्यायचं हमीपत्र), किती जामीनदार, हजेरीचा वार आणि वेळ, पासपोर्ट जमा करायचा आहे का, परदेशी जायला परवानगी. जामीनदार आधीच तयार ठेवा : सातबारा किंवा घरपट्टीची पावती, ओळखपत्र, फोटो. सासरे, मामा असे आरोपीच एकमेकांचे जामीनदार म्हणून पुढे करू नका. पुण्यातल्या दिराला दर रविवारी सोलापुरात हजेरी जमणार नसेल, तर ते युक्तिवादाच्या वेळीच सांगा. आदेश झाल्यावर अट शिथिल करून घ्यायला पुन्हा अर्ज आणि पुन्हा तारीख.

जामीनपत्र पोलीस ठाण्यात किंवा आदेशात सांगितलेल्या ठिकाणी प्रत्यक्ष पूर्ण करावं लागतं. आदेश मिळवून ते न करता सहा महिने घालवलेली कुटुंबं आहेत, मग दोषारोपपत्राच्या वेळी अडचण येते. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर नवा अटकपूर्व जामीन लागत नाही. पण समन्स आलं की दंडाधिकाऱ्यांपुढे हजर राहून तिथलं जामीनपत्र द्यावं लागतं. पत्ता बदलला तर लगेच कळवा, नाहीतर समन्स परत जाऊन वॉरंट निघतं. ज्यांच्याविरुद्ध वॉरंट किंवा फरारीची उद्घोषणा निघाली त्यांना अटकपूर्व जामीन मिळणं किती अवघड, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं आहे.

## अर्ज फेटाळला तर

त्याच क्षणी, न्यायाधीश उठण्याआधी, वकिलाने उच्च न्यायालयात जाण्यासाठी काही दिवस अंतरिम संरक्षण चालू ठेवण्याची विनंती करावी. ती नेहमी मान्य होत नाही, पण न मागितलेलं तर मिळतच नाही. आदेशाची प्रमाणित प्रत, पूर्ण अर्ज, 'से' आणि सगळ्या फाइली घेऊन कोल्हापूरला दुसऱ्याच दिवशी. परिस्थिती बदललेली नसताना त्याच सत्र न्यायालयात दुसरा अर्ज टाकण्यात वेळ घालवू नका. कोणाचा अर्ज मंजूर आणि कोणाचा फेटाळला गेला असेल, तर मंजूर आदेशही सोबत घ्या.

दरम्यान अटक झालीच तर काय, याचीही तयारी घरात एकाकडे असावी. अटकेची कारणं लेखी मागायची, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे नेतात तिथे वकील उभा करायचा. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अपवाद वगळता अटक करता येत नाही, हे सासू-नणंदेला माहीत असू द्या. नियमित, म्हणजे अटकेनंतरच्या, जामिनाचा अर्ज टाइप करून, वकीलपत्रावर सह्या घेऊन ठेवा. सासऱ्यांची रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत भरून दाराजवळ.